अर्धी गाठ

मत्स्यसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत ताई बरण्या भरायची. साहेबांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. खोल समुद्राच्या तळाशी, चिखलाला पोट लावून राहणारे सडपातळ वाम मासे तिच्याकडे यायचे. अंग रिबिनीसारखं, जबडा लांबट आणि डोळे तर बघवत नाहीत असे. ती ते धुवायची, शेपटीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि स्पिरिटमध्ये सोडायची.

गाठ मात्र तिच्या घरची. दोन फेरे घ्यायचे, एकानं वर बोट ठेवायचं, दुसऱ्यानं ओढायचं. धाकट्या भावानं लहानपणी शोधलेली. "बोट ठेव, ताई," म्हणायचा, आणि बोट अडकवून खो खो हसायचा. "सोड रे" म्हटल्याशिवाय सोडेल तर शपथ! त्यातून गडी डावखुरा, त्याची गाठ कायम उलटी.

गेल्या वर्षी तो ज्या बोटीवर चढला ती परतलीच नाही. आई अजून दाराला आतून कडी लावू देत नव्हती. रोज विचारायची, "काही कळलं का गं?" ताईच्या जिवाला नुसता घोर. गेला म्हणायला जीभ रेटत नव्हती, येईल म्हणावं तर कशाच्या जोरावर?

त्या दुपारी ड्रायव्हरनं नवी पेटी आणून आदळली. ताईनं पहिला मासा उचलला. शेपटीला दोरा आधीच बांधलेला होता.

"ही कोणाची थट्टा?"

"थट्टा कसली, ताई? जाळ्यातून थेट बर्फात आलेत. कोणी हातसुद्धा लावलेला नाही." तो शीळ घालत निघून गेला.

दोरा लोकरीचा होता, निळा. धाकट्यासाठी तिनंच विणलेल्या स्वेटरचा. गाठ उलटी.

दुसऱ्या माशालाही तशीच.

जाळ्याचा धागा गुंतला असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण गुंता असा नेटका बसतो होय? मग तो जिवंत आहे? आणि असला तर कुठे? हे मासे तर तळ सोडून वर येतच नाहीत. ती एकेक मासा बाहेर काढत गेली.

पेटीच्या तळाच्या माशाची गाठ अर्धीच होती. दोन फेरे, सैल. दोऱ्याचं टोक बर्फाखाली गेलेलं.

"आईला काय सांगू रे?" ती पुटपुटली. आणि तिनं बोट ठेवलं.

दोरा सरकला. गाठ हळूहळू आवळत गेली.

"सोड रे" एवढंच म्हणायचं होतं, बस.

जीभ रेटेना.

बर्फाखालून दोरा अजून थोडा ओढला गेला.