सरांचे पाय मागे का जातात?

"उद्या उडी मारली नाही, तर सर चिमणीला ढकलून देणार आहेत," वकील धापा टाकत म्हणाला. "आणि मावशी 'चालेल' म्हणाली!"

वकील बारा वर्षांचा. कुठल्याही गोष्टीला हरकत घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याची थोरली बहीण टिपणी जिथे जाईल तिथे वही घेऊन जायची. दोघं सुट्टीला मावशीकडे आले होते, आणि मावशीची सात वर्षांची चिमणी या क्षणी पलंगाखाली होती.

दोन आठवडे ती सरांच्या पोहण्याच्या वर्गाला तलावाच्या काठापर्यंत जायची आणि तिथेच थिजायची. सगळे तिला भित्री भागूबाई म्हणायचे. मोठी माणसंसुद्धा! जी मुलगी शेजारच्यांच्या कौलांवर चढून चेंडू काढते, ती भित्री असेल तर मांजर शाकाहारी. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

टिपणीने वही उघडली. "आज सर चौदा वेळा म्हणाले, 'मी आहे ना, मार उडी.' आणि चौदाही वेळा एक पाऊल मागे सरकले."

"मागे? झेलणारा माणूस पुढे येतो," वकील म्हणाला.

"हात पाठीमागे. आणि दोन आठवड्यांत त्यांच्या पँटची कडही ओली झालेली नाही."

पलंगाखालून बारीक आवाज आला, "सफाईच्या काकू पुढे येतात."

दुपारच्या वर्गाला दोघं मुद्दाम तलावावर जाऊन बसले. काकू फरशी पुसत होत्या. एखादं मूल उडीला उभं राहिलं की त्या पुसण्याचा दांडा खाली ठेवायच्या, काठाशी यायच्या, गुडघे वाकवून पाण्याकडे बघत राहायच्या. मूल वर आलं की पुन्हा फरशी. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि इतक्या दिवसांत चिमणीशिवाय कुणाला दिसलंही नव्हतं.

"काकू, सरांना पोहता येतं?" वकिलाने थेट विचारलं.

"मी नदीकाठची, मला येतं. त्यांचं मॅनेजरसाहेबांना विचार," काकू म्हणाल्या आणि जोरजोरात फरशी पुसायला लागल्या.

"सर म्हणजे पट्टीचे पोहणारे," तलावाच्या ऑफिसात मॅनेजर म्हणाले. एवढं बोलताना त्यांनी पेपरवेट तीनदा फिरवला आणि वकिलाकडे एकदाही पाहिलं नाही. टिपणीने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकांवर आई-वडील बसले होते. सर चिमणीच्या दिशेने निघाले आणि वकील मध्ये उभा राहिला.

"माझी हरकत आहे. सर, आधी तुम्ही पाण्यात उतरा. कमरेपर्यंतच. मग ती आपणहून उडी मारेल."

"वकील, बाजूला हो," मावशी बाकावरून ओरडली.

"उतरतो की, त्यात काय एवढं," सर हसत म्हणाले.

"मग उतरा."

"उतरतोय ना." तोंड हसत होतं, पण दोन्ही हातांनी शिडीचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. टिपणीने त्या हातांकडे बोट दाखवलं. बाकांवरचा गलका थांबला.

मावशी पुढे आली. "सर, पोहता येतं का तुम्हाला?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली. "नाही. मॅनेजर माझे मेहुणे. म्हणाले, नुसती शिट्टी वाजवायची, बाकी मुलं आपोआप शिकतात."

"आणि माझ्या मुलीला ढकलणार होतात तुम्ही?" मावशीचा आवाज छताला लागला. मॅनेजर मागच्या दाराने सटकत होते. चार वडिलांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. खरा शिक्षक येईपर्यंत वर्ग बंद, असं त्यांच्याकडून तिथेच लिहून घेतलं.

या गडबडीत काकू कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. छातीभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ये," एवढंच म्हणाल्या. चिमणीने त्या हातांकडे पाहिलं आणि धप्पकन उडी मारली.

मग टाळ्या काय, शाबासक्या काय! "पोरांनो, मोठा अनर्थ टाळलात," एक आजोबा म्हणाले.

"शाबासकी चिमणीला द्या," वकील म्हणाला. "ती पहिल्या दिवसापासून सांगत होती."

"कधी? तोंडातून अक्षर काढलं नाही तिनं," मावशी म्हणाली.

"पायांनी सांगत होती, मावशी."

घरी जाताना मावशी पर्समध्ये किल्ली शोधत म्हणाली, "चिमणे, चुकलंच माझं. यापुढे तुझं ऐकत जाईन हं."

चिमणी जागच्या जागी थांबली. काठावर थांबायची तशीच.

मावशीने वळून पाहिलं. मग तिने पर्स बंद केली, टिपणीच्या हातात दिली आणि भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. चिमणीच्या डोळ्यांत बघत तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"बरं," चिमणी म्हणाली आणि तिचा हात धरून चालायला लागली.