एकोणिसावी सुई

मुलगी अकरा दिवसांची, हृदय जेमतेम अक्रोडाएवढं. त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतःच एकमेकींच्या जागी. डॉक्टरबाईंनी चार तास खपून त्या आपापल्या जागी आणल्या. तोवर हृदयाचं काम करणारं यंत्र थांबवलं, हृदय आपलं आपण धडधडू लागलं, आणि मागच्या बाजूने रक्त झिरपायला लागलं.

नेमकी तीच जागा. पंधरा वर्षांपूर्वी याच टेबलावर असंच एक बाळ बाईंना शिकवणाऱ्या सरांच्या हातून गेलं होतं. बाई तेव्हा त्यांच्या मदतनीस. "एक टाका कमी पडला गं," एवढंच सर मरेपर्यंत घोकत राहिले.

हृदय उचलून मागे टाका घालावा, तर ते थांबणार. न घालावा, तर बाळ हातचं जाणार.

"बोळा दाबून धरते, पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "कुणी बोलू नका."

"मी कुठे बोलतेय?" सिस्टर पुटपुटल्या. तीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या सिस्टरना गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला बाईंच्या डाव्या कोपराला काहीतरी घासून गेलं. तिथे कुणीच नव्हतं. मास्कमधूनही लवंगेचा वास आला. सर ऑपरेशनआधी लवंग चघळत.

बोळा काढला. कोरडं ठणठणीत.

रक्तदाब चढला. पन्नास. साठ. पासष्ट.

"जिंकलो!" भूल देणारे डॉक्टर ओरडले. बाईंचे डोळे भरून आले.

राहिली सुयांची मोजणी. ती जुळल्याशिवाय छाती मिटायची नाही, हा सरांचाच दंडक.

"दिल्या अठरा," सिस्टर अडखळल्या. "परत आल्या... एकोणीस."

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजल्या, बाई. मला अजून म्हातारचळ लागलेला नाही."

एकोणिसाव्या सुईत टाक्यांचं काळं रेशीम ओवलेलं होतं. सरांच्या वेळचं ते रेशीम इथे वापरायचं बंद होऊन दहा वर्षं झाली होती.

"कागदावर काय लिहू?"

"अठरा."

बाहेर बाईंनी "वाचली तुमची लेक," म्हटलं आणि बाप मटकन खाली बसून रडू लागला. बाईही त्याच्या शेजारी बसल्या, हसत, रडत. इतका आनंद त्यांना आजवर झाला नव्हता.

ती सुई सिस्टरनी काचेच्या बाटलीत घालून कपाटात कुलपाआड ठेवली.

पुढच्याच आठवड्यात तसंच आणखी एक बाळ आलं, याहून लहान. बाई हात धुवायला गेल्या, तेव्हा सिस्टरनी सहज कपाट उघडलं. बाटली जागेवर होती, झाकण घट्ट.

आत सुई नव्हती.