लाल धाग्याचं बटन

बसा भाऊ, तुमच्या पँटीले तुरपाईच घालायची राह्यली. लाइट गेली तर गेली, कंदील आहे आपला. फक्त ती मशीनवरची काडी हलवू नका. असू द्या तिथीच. सांगतो काऊन ते. आमची बायको जमीला म्हणते, बाबूभाईनं तोंड उघडलं की दारची बकरी बी झोपते. पण ही गोष्ट ऐकून आजवर कोणी झोपलं नाई.

दहा-बारा वर्षं झाली असतील. दिवाळी होऊन गेली होती, धान कापणीले आलं होतं, अन् नाटकांचा हंगाम. मी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकातल्या राजाचा लाल झगा शिवून राह्यलो होतो. राजा म्हणजे आपला न्हावी मुखरू. पोट असं की दोन राजांचं कापड लागलं! मशीनवर लाल धागा, सुईत लाल धागा, माझ्या पायजाम्यावर बी लाल धागे.

सांजची आजान नुकतीच झाली होती. नमाजले निघावं म्हणून उठलो, तर दारात येरमे साहेब. आमच्या ठाण्याचे फौजदार. एटापल्लीच्या जंगलाकडचा माणूस, गरिबाशी गरिबासारखा बोलायचा. खाकी घातली की लोकांची जीभ बदलते भाऊ, याची नाई बदलली.

"बाबूभाई... बटन तुटलं. लावून द्या."

"उतरवा ना शर्ट साहेब."

"नाई... अंगावरच लावा."

आता आमच्यात अंगावरचं कापड शिवत नाईत. अंगावर शिवतात ते मुर्द्याचं. अगदीच वेळ आली तर त्या माणसानं दातात काडी धरायची, म्हणजे इडापिडा टळते. मी झाडूची काडी मोडून दिली. साहेब तिच्याकडं पाहत राह्यले अन् हसले.

"आता काय कामाची बाबूभाई..."

पण धरली बिचाऱ्यानं दातात. माझं मन राखायले धरली.

खाकी धागा शोधायले उजेड कुठी होता? सुईत होता तोच लाल धागा चालवला. छातीवरच्या खिशाचं बटन. सुई काही केल्या घुसेना. कापड कसं पत्र्यासारखं कडक. मी मनातल्या मनात धोब्याले शिव्या घातल्या, की बाप्पा, किती खळ लावली यानं! वास तलावाच्या चिखलाचा येत होता. धागा दातानं तोडायले मी त्यांच्या छातीशी वाकलो. बोटं लागली ती गार, भरल्या माठाले लागावी तशी. थंडीचे दिवस, म्हटलं असंल. इतक्या जवळ वाकलो, पण कपाळाले त्यांचा श्वास काही लागला नाई. हे मले तेव्हा नाई सुचलं, मागून आठवलं.

"आजान झाली ना?" साहेबानं विचारलं.

"आत्ताच झाली."

"ध्यानात ठेवजा... आजान झाल्यावर मी इथी होतो. कोणी विचारलं तर सांगजा."

अन् तलावाच्या रस्त्यानं गेले. बुटांचा आवाज आला नाई.

सकाळी तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, साहेबाचं प्रेत सापडलं. छातीत गोळी. दात घट्ट आवळलेले, अन् दातात झाडूची काडी. लोक म्हणले, दात कोरत असतील. काडी माझ्या झाडूची, मी ओळखली.

पोलिसांनी तलावात मासोळी धरणाऱ्या इस्तारी ढिवराले धरलं. तलावाच्या ठेक्याच्या भांडणात त्याचं जाळं ठाण्यात जमा होतं, अन् हा येडा भर बाजारात ओरडला होता, "साहेबाले पाहून घेईन!" अरे, गरिबाचं पाहून घेणं म्हणजे काय? घरी जाऊन पेज पिणं अन् झोपणं. पण त्या एका शब्दापायी त्याच्या गळ्यात फास आला.

केस चंद्रपूरच्या कोर्टात चालली. सगळा झगडा वेळेचा. वच्छलाबाई पाळीच्या अलीकडं बकऱ्या चारत होती. ती म्हणली, गोळीचा आवाज गाई घरी यायच्या आधी झाला, ऊन होतं. त्या वक्ताले इस्तारी तलावाच्या पल्याड एकटाच, त्याले पाहणारं कोणी नाई. मी म्हणलो, आजान झाल्यावर साहेब माझ्या दुकानात जिवंत उभे होते. अन् आजानच्या आधीपासून पार रात होईतोवर इस्तारी ठाण्याच्या पायरीवर बसला होता, शिपायानं त्याले बिडी दिली होती. म्हणजे बाई खरी तर इस्तारी फासावर, मी खरा तर सुटला.

सरकारी वकिलानं मले उभा-आडवा सोलला. "घड्याळ आहे का तुमच्याकडं?" म्हटलं, नाई साहेब, आजान आहे. मग त्यानं गाठोडं सोडून तो शर्ट काढला. "हे बटन तुमचं?"

भाऊ, अख्खा शर्ट रक्तानं वाळून काळा पडलेला, लाकडासारखा. अन् त्यात माझा धागा नवाकोरा, लालभडक. रक्ताचा एक ठिपका नाई त्याच्यावर. मग समजलं, ती खळ नव्हती.

"माझंच," मी म्हणलो. साहेबानं सांगितलं होतं तेवढंच बोललो, अन् ते खरंच होतं.

बाहेर वच्छलाबाई पदरानं डोळे पुसत भेटली. "बाबूभाई, मी खोटी नाई जी. त्या पोराचं वाईट काऊन चिंतीन मी? पण ऐकलं ते ऐकलं."

"मी बी खोटा नाई, बाई," म्हटलं.

तिच्या अंगावर काटा आलेला मले दिसला. इस्तारी सुटला. मारणारा कोण, ते आजपर्यंत कोणाले नाई समजलं.

तेव्हापासून इस्तारी मले मासोळी आणून देते. आज सकाळी बी आला. मी सहज विचारलं, "कारे, त्या दिवशी तू ठाण्यात कशाले गेला होता?"

त्यानं मासोळीची टोपली खाली ठेवली. मग म्हणला, "साहेबानंच धाडलं होतं, बाबूभाई. मी तलावाच्या पल्याड होतो. आवाज झाला. थोड्या वेळानं साहेब पाळीवरून चालत आले... छाती काळी, खिशाचं बटन तुटलेलं. म्हणले, इस्तारी, पळत ठाण्यात जा. पायरीवर बस. मी येतो तोवर उठू नको. हे कोर्टात कोणाले सांगू? कोणाले पटलं असतं?"

माझे डोळेच भरून आले भाऊ. स्वतः मेलेला माणूस, अन् त्याले घोर या ढिवराच्या पोराचा.

"म्हणून मी अजून बी आजानच्या वक्ताले पायरीवर बसतो," इस्तारी म्हणला. "येतो म्हणले होते ना."

मी हसत म्हटलं, "मग, आले का कधी?"

तो नाई हसला. "काल आले... बटन पुन्हा ढिलं झालं म्हणले. उद्या बाबूभाईकडं जातो म्हणले."

म्हणून ही काडी काढून ठेवली. सुईत धागा बी लालच ओवला आहे. तुमची पँट झाली भाऊ, पण बसा थोडं. एवढी आजान होऊ द्या.