जीव धरला

जुन्या कपड्याची पट्टी आडवी कापायची, म्हणजे ती थोडी ताणली जाते, हे शिवणमावशींनी सगळ्यांना शिकवलं होतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवून त्यांचे डोळे थकले होते, पण कात्री अजून सरळ चालायची. रस्त्याकडेला झाडं लावणारी मंडळी रविवारी सकाळी जमायची. त्यात कवायतीचे निवृत्त मास्तर खड्डे खणायचे, 'टँकर' नावानं ओळखला जाणारा जाडगेला गडी स्कूटरवरून पाण्याचे कॅन आणायचा, आणि रोप काठीला बांधणं हे मावशींचं काम. एक फेरा काठीला, एक रोपाला, मध्ये पीळ. सुतळी कोवळी साल कापते, वापरून मऊ झालेलं कापड कापत नाही. खोड जाड व्हायला लागलं की गाठ सैल करायची, एवढंच लक्षात ठेवायचं.

बंद पडलेल्या लाँड्रीसमोरच्या खड्ड्यात मात्र काहीच टिकत नव्हतं. माती बदलून झाली, खत घालून झालं. रोप लावलं की पानं माना टाकायची.

"या खड्ड्याला आपलं तोंड आवडत नाही," टँकर म्हणाला.

"तुझं नसेल आवडत," मास्तर म्हणाले. "आमचं काय वाईट आहे?"

त्या रविवारी नवं रोप लावलं आणि मावशींच्या पिशवीतल्या पट्ट्या संपल्या. घर जवळच होतं. त्या लगबगीनं गेल्या आणि खुंटीवरचा नवऱ्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. कॉलर विरलेली होती, तसाही तो टाकायचाच होता. एरवी कपडा धुवून, वाळवून मगच त्या कात्री लावायच्या. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. शर्टाला अजून अंगाची ऊब होती.

ते रोप जगलं. नुसतं जगलं नाही, डोळ्यांदेखत वाढलं. पानं तेलाचा हात फिरवल्यासारखी चमकत होती.

"लाँड्रीसमोरच्या रोपानं जीव धरला हो," मावशी घरी येऊन म्हणाल्या.

नवरा खिडकीत पेपर वाचत होता. त्याचा उभा जन्म बस चालवण्यात गेला होता, आणि प्रत्येक बोलण्याला ब्रेक लावायची सवय अजून सुटली नव्हती. "कुणाचा?" त्यानं विचारलं.

मावशी हसल्या.

काही आठवड्यांनी तो शर्टाचं वरचं बटण लावेनासा झाला. मग दुसरंही. गळ्याभोवती कुणी हात घालून बसल्यासारखं वाटतं, म्हणायचा. घास गिळताना मान वर करायचा. डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला, फोटो काढले. सगळं साफ. "वयाचं आहे," डॉक्टर म्हणाले. नवरा रात्री उशी भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपायला लागला, आणि मावशी त्याचा श्वास ऐकत जाग्या राहायला लागल्या. तेवढा एक आवाज थांबला तर घरात दुसरं माणूस नव्हतं. मुलगी लांबच्या गावी शाळेत शिकवत होती.

रविवारी त्या गाठी सैल करायला निघाल्या. लाँड्रीसमोरची पट्टी खोडात रुतली होती. वरखाली साल फुगून आली होती. इतक्यात एवढी वाढ होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नखानं खरवडून त्यांनी गाठ सोडवली आणि बोटभर जागा ठेवून पुन्हा बांधली.

घरी आल्या तर नवरा स्वयंपाकघरात उभा राहून पोळी खात होता.

"अहो, बसून तरी खा."

"भूक लागली. मघाशी एकदम मोकळं झालं बघ. कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं."

मावशींनी हात धुतले, पुन्हा धुतले. नखांत सालीचा हिरवा चुरा राहिला होता.

दोनच दिवसांत त्याचा आवाज पुन्हा बसला. मावशी उठल्या, कात्री घेतली आणि भर दुपारी एकट्याच गेल्या. पट्टी आता एवढी घट्ट होती की खाली कात्रीचं टोक जाईना. शर्टाचे निळे चौकोन ताणून लांबट झाले होते. त्यांनी टोक जोरानं आत घातलं, तेव्हा सालीला जरासं लागलं. पट्टी तुटली. सालीवर पाण्यासारखा थेंब जमला आणि खाली ओघळला.

नवरा दारातच भेटला. चेहरा टवटवीत, आवाज मोकळा. गळ्याला कापसाचा बोळा दाबून धरलेला.

"दाढी करताना लागलं का?"

"दाढी कुठे केली मी आज?" तो म्हणाला. गालांवर पांढरे खुंट तसेच होते. "खुर्चीत बसलो होतो नुसता. चरचरलं आणि रक्त आलं."

मावशींनी शर्टाच्या उरलेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि अंगणात जाळल्या. मास्तरांना बजावलं, लाँड्रीसमोरच्या झाडाला आता काही बांधू नका, ते आपलं आपण उभं राहील. मास्तरांनी मान डोलावली. नवऱ्याच्या गळ्यावरची खपली पडली. मावशी त्या रस्त्यानं जायच्या बंद झाल्या. टँकर पट्ट्या मागायला आला तेव्हा त्यांनी पिशवीच त्याच्या हवाली केली. "आता माझ्यानं वाकवत नाही रे. तूच बांधत जा."

शर्टाची पट्टी बांधल्यानंतर, पण नवऱ्याचा गळा धरायच्या आधी, मुलगी सुट्टीला येऊन गेली होती. निघताना तिनं अंगातला पिवळा टॉप बदलून आईच्या मशीनवर टाकला होता. "आई, हा आता जुना झाला. तुझ्या झाडांना होईल." पट्ट्या कमीच पडत होत्या, म्हणून मावशींनी तो न धुता तसाच कापून पिशवीत भरला होता. तेव्हा त्यांना कशाचीच शंका आली नव्हती.

वादळवारं झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर चहाला आला.

"मावशी, तुमचं लाडकं झाड वाचवलं बरं का. लाँड्रीसमोरचं. पार आडवं व्हायला आलं होतं. मास्तर नको म्हणत होते, पण मला काही बघवेना."

मावशींच्या हातात गाळणं होतं. "कशानं बांधलंस?"

"तुमच्याच पिशवीतली पट्टी. पिवळी."

मावशींनी गाळणं खाली ठेवलं, कात्री घेतली, फोन उचलला आणि चालता चालताच नंबर लावला. टँकर मागून काहीतरी विचारत होता.

"आई, किती दिवसांनी," मुलगी म्हणाली. आवाज घोगरा, दाबल्यासारखा.

"घशाला काय झालं?"

"काही नाही गं. वर्गात ओरडून बसलाय. आठवडा झाला. काल तर पाणीही गिळवेना."

"फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत राहिली. मध्येच थांबून श्वास घेत होती. मावशी कोपऱ्यावर वळल्या.

झाड ताठ उभं होतं. खोड त्यांच्या मनगटाहून जाड झालं होतं. काठीकडच्या बाजूला पिवळी पट्टी दिसत होती. खोडाभोवतीची दिसत नव्हती.

तिथे साल मिटली होती. फक्त एक पिवळा धागा बाहेर लोंबत होता.

काठीकडची पट्टी त्यांनी तोडली.

"मोकळं वाटलं का गं?"

"कशानं?" मुलगी खोकली. "उलट आणखीच..."

मावशींनी धागा ओढला. तो तुटून हातात आला.

आता पट्टी आत होती, आणि वर साल. कापायचं तर आधी साल कापायला हवी. त्यांनी स्पीकर लावून फोन आळ्याच्या कडेवर ठेवला. कात्री उघडली. एक पातं खोडावर टेकवलं, जिथे साल वळासारखी फुगली होती तिथे. अजून दाबलं नव्हतं.

फोनमधलं बोलणं थांबलं.

"आई," मुलगी म्हणाली. "मानेपाशी काहीतरी गार लागलं."