काकूचं तीन नंबरचं बटण

ठेवा विश्वास, नाहीतर नका ठेवू. घडलं ते खरं आहे. यंदा सतरा नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेसातला, जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात, आमच्याच घरी.

आमच्या टीव्हीला टीआरपी मोजणारा डबा बसवला होता. घरात माणसं तीन, त्याच्या रिमोटवर बटणं तीन. टीव्हीसमोर बसलं की ज्याचं त्याने आपलं बटण दाबायचं. डब्यावर आकडा लागतो. मी, अंबरीश, एक. बायको समिधा दोन. सुहासिनीकाकू तीन.

असल्या डब्यांवर म्हणे लोकांची आवड ठरते! सासूने नुसतं वळून पाहिलं की तीनदा वीज कडाडते, ती मालिका दहा वर्षं चालते.

आणि काकूची आवडती, रोज साडेसात ते आठची 'बंद पाकीट' बासष्ट भागांत गुंडाळली.

पोस्टातल्या बाईंना पत्ता नसलेलं पाकीट सापडतं, एवढीच गोष्ट. कुणी किंचाळत नव्हतं, हाच तिचा गुन्हा. चॅनलवाले अक्कल गहाण टाकूनच कामावर जात असावेत.

काकूला बटणं दिसत नसत.

"अंबरीश, माझं तीन नंबर दाबलं ना रे?"

"दाबलं, काकू."

नव्हतं दाबलं.

मोबाइलमधून मान कोण वर काढणार? एका म्हातारीने काय फरक पडतो, असं वाटायचं. चॅनलवाल्यांना शिव्या देतो, पण नालायक मीही तेवढाच.

मालिका बंद पडली. पाकीट उघडलंच नाही. काकू अंथरुणाला खिळली, तरी तेच.

"काहून बंद केली रे? त्या पाकिटात काय होतं?"

ऑक्टोबरात ती गेली.

आणि सतरा नोव्हेंबरला... टीव्ही बंद, रिमोट कपाटावर... डब्यावर आकडा लागला.

तीन.

बरोबर आठला विझला.

रोज तसंच. आठवड्याने डबेवाल्या कंपनीचा फोन आला.

"भैया, तीन नंबर पे रोज़ आधा घंटा कौन देख रहा है? मीटर में तो वो बंद हो चुका सीरियल आ रहा है."

मी फोन ठेवून दिला. समिधा त्याच दिवशी माहेरी, सिहोऱ्याला निघून गेली.

काल मी डब्याचा प्लगच काढला.

साडेसातला तीन लागला...

आणि शेजारी... एक.

रिमोट कपाटावरच होता. मी हात लावला नव्हता.

आता सात वीस झालेत. काकूची खुर्ची टीव्हीसमोर आहे, नेहमीसारखी.

तिच्या शेजारी माझी खुर्ची कुणीतरी ओढून ठेवली आहे.