अडीच वाजताचा पान्हा

"ब्लाउज पिळून काढावा एवढा दूध, आन् पोरीच्या तोंडात थेंब नाय! कोनाला सांगाचा हा?"

जनाबाई चुलीशी बसून स्वतःशीच पुटपुटत होत्या. मला ऐकू जावं म्हणून नव्हे. पण मी हातभर अंतरावर लसूण सोलत होते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून लसूण.

दूध तर येतच होतं. रोज दुपारी अडीचला आपोआप पदर भिजायचा.

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मलाही दहा वर्षं ते पटवून घ्यायचं नव्हतं. पण मी तिथे होते. कळवा, खाडीकडचं गाव, एप्रिल १९८९. आणि रात्र नव्हती हो. भर दुपार. कावळेसुद्धा सावलीला गप्प बसतात, ती वेळ.

शकू माझी धाकटी बहीण. जनाबाई तिची सासू. शकूचं हे दुसरं बाळंतपण. आमची आई नव्हती, म्हणून मी डोंबिवलीहून येऊन राहिले होते. तान्ही वीस दिवसांची. जन्मली तेव्हा हात भरून लागायची. आता उचललं की नुसतं दुपटं उचलल्यासारखं वाटायचं.

शकूला दूध होतं. तान्हीला मिळत नव्हतं. एवढीच गोष्ट, आणि ती कुणाला कळत नव्हती.

की कळत होती...

घराच्या मागे कंपनीची भिंत. औषधांची कंपनी. जनाबाईंची शेतं त्यातच गेली होती, आणि बदल्यात घरटी एक नोकरी. शकूचा नवरा परशुराम आत शेळ्यांच्या शेडला चारापाणी करायचा. कंपनीचा दवाखाना होता, बाळंतपण फुकट. थोरली मालू तिथलीच, तेव्हा अडीच वर्षांची.

आमच्यात बाळाच्या मागून पडणारी वार घरच्या माणसानं अंगणात पुरायची असते. मालूच्या वेळी जनाबाईंनी मागितली होती. डॉक्टरीणबाई गोड हसून म्हणाली, "आजी, आमच्याकडे राहू द्या. तिची औषधं होतात." एका कागदावर अंगठा घेतला, दुपटी दिली, साजूक तुपाचा डबा दिला.

गावातल्या सगळ्याच बायकांनी तूप खाल्लं. कुणाला नाव ठेवू?

मी तान्हीला ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. "दूध उत्तम आहे. आईनं काळजी सोडावी." झालं! डब्याचं दूध पाजलं, तिनं ते ओकून टाकलं. कंपनीच्या साहेबाला भेटायला गेले, तर साहेब जेवायला गेलेला. तीन दिवस जेवतच होता.

फाटकावर जगन. परशुरामचा चुलतभाऊ, तिथला पहारेकरी. रोज शकूला पान्हा फुटायचा त्याच वेळी भिंतीपलीकडून रडणं ऐकू यायचं, म्हणून त्याला गाठलं.

"जगन, अडीच वाजता आत काय रडतं रे?"

"शेळ्या."

"शेळ्या अशा रडतात?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मना बायकोपोरा हायत."

मी विचारलं काय, हा सांगतोय काय! पण त्या गावात कंपनीबद्दल काहीही विचारा, उत्तर हेच. चिडून चिडून माझं डोकं दुखायला लागलं होतं.

मग तो गुरुवार आला.

मी ठरवलं होतं, आज अडीचला तान्हीला शकूच्या अंगावर लावूनच ठेवायचं. पान्हा येईल तेव्हा तोंड तिथंच हवं. साधी अक्कल.

मालू उंबऱ्यावर बसून भाकरी खात होती. घड्याळात अडीच झाले.

आधी काहीच नाही.

मग भिंतीपलीकडून... बें...

शेळीच. मी जनाबाईंकडे बघून हसलेसुद्धा.

मग तो आवाज लांबला. बारीक झाला. आणि शेवटी त्यात एक हुंदका आला... मालू रडताना मध्ये श्वास अडकवते, अगदी तस्सा.

मी मालूकडे बघितलं. ती शांतपणे भाकरी चावत होती.

आवाज पुन्हा आला.

मालूनं भिंतीकडे बोट केलं. "मालू रलते," ती म्हणाली. "तिकले मालू रलते."



शकूचा पदर भिजत चालला होता. मी तान्हीचं तोंड घट्ट लावलं. "ओढ गं बाय, ओढ!" ती ओढत होती. गाल आत जात होते.

पलीकडचं रडणं थांबलं.

एकदम.

आणि मग... भिंतीपलीकडून गिळण्याचा आवाज आला. घुटुक. घुटुक. एकाचा नाही. रांगेनं बसलेल्यांचा.

तान्हीनं तोंड सोडलं आणि टाहो फोडला. मी बोटानं तिची जीभ पाहिली. कोरडी. जीभ कोरडी होती हो!

जनाबाई भिंतीकडे पाठ करून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी.

त्याच दिवशी मी शकूला आणि दोन्ही पोरींना डोंबिवलीला घेऊन आले. तान्ही त्या संध्याकाळी माझ्या घरी पोटभर प्यायली आणि बारा तास झोपली. आज ती चौथीत आहे, पटापट उलट उत्तरं देते. कंपनी चौऱ्याण्णव साली बंद झाली. शेडमधलं सगळं कुठे नेलं, ते मी पाच जणांना विचारलं. पाचही जणांना बायकोपोरं आहेत.

शकूचं दूध कधीच आटलं. तरी ती अडीच वाजता हातातलं काम ठेवते. कान देऊन बसते. कधी कधी पदर चाचपते. मी विचारत नाही. खरं सांगायचं तर धीर होत नाही.

कारण निघण्याआधी जे झालं, ते मी अजून लिहिलेलं नाही.

साडेतीनला परशुराम पाळीवरून आला. अंगाला शेळ्यांचा वास. मालू "बाबा" करत धावली, तर हा तोंड फिरवून मोरीकडे गेला. मी त्याची वाट अडवली.

"परशुरामभाऊ, तुमची पोर मरायला टेकलीय. आत काय आहे?"

"शेळ्या हायत, ताई."

"मालूकडे बघून सांगा."

त्यानं बघितलं नाही. जनाबाई ओरडल्या, "पोराला कशाला खोदतेस गो! नोकरी जाईल त्याची!"

"जाऊ दे," शकू म्हणाली. वीस दिवसांत पहिल्यांदाच एवढं मोठ्यानं. तान्हीला छातीशी धरून ती उठून उभी राहिली. नवऱ्याला तिनं एकच विचारलं. पंगतीला किती माणसं आहेत, असं विचारावं तसं.

"किती हायत?"

परशुराम मोरीच्या कठड्यावर बसला. दोन्ही हातांनी त्यानं स्वतःचं तोंड झाकलं.

"अकरा," तो म्हणाला. "अंगाना शेळ्याच हायत. पन तोंडा... शकू, सगल्यांना मालूचा तोंड हाय."