सरळ केलेला ठोका

खोटं वाटेल. वाटू दे. पण हे घडलंय, आणि रात्री-अपरात्री नाही. बुधवारी, दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका मागच्या खोलीत.

त्या खोलीत दोघे सख्खे भाऊ संगीत करायचे. दादा रबरी पॅडवर बोटांनी ताल वाजवायचा. धाकटा कॉम्प्युटरवर ते ताल एकावर एक चढवायचा. पडद्यावर चौकटींच्या रांगा, ठोका पडला की चौकट पेटते. खाली चार मात्रांचा ताल, वर पाचाचा. दोन्ही आपापले फिरत राहतात आणि वीस मात्रांनी त्यांची गाठ पडते. ही गाठ बसवण्यात धाकट्याचा हात कोणी धरला नसता.

दादाला एकच खोड. पाचवा ठोका तो केसभर उशिरा मारायचा. कायम. धाकटा तो माऊसनं ओढून चौकटीत सरळ बसवायचा.

"राहू दे की रे तसाच."

"लोकांना चूक वाटते, दादा."

दादा ओठांतल्या ओठांत हसून सोडून द्यायचा. त्याचा एक जुना मित्र होता, किबोर्डवाला. त्यानं दादाला आपल्याकडे कितीदा बोलावलं. दादा गेला नाही. "धाकट्याला सोडून कुठं जाऊ?" म्हणायचा.

मग एका सकाळी चहा पिता पिता दादा गेला. हृदय बंद पडलं.

दोन महिन्यांनी, त्या बुधवारी, धाकट्यानं अर्धवट राहिलेली फाइल उघडली. तिच्यात दोनच रांगा होत्या.

आता तीन दिसत होत्या.

तिसरी रिकामी होती... मग एक चौकट पेटली.

मग दुसरी.

पॅडची वायर तर केव्हाच काढून ठेवलेली.

तिसरी, चौथी... आणि पाचवी, केसभर उशिरा.

धाकटा घाबरला नाही. ढसाढसा रडला. "आलास?" एवढंच म्हणाला.

रोज तीन वाजता थोडी थोडी रांग भरू लागली. धाकट्यानं बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. जेवण उरकलं की दार लावून बसायचा. दादा आला तो आपल्याकडेच, याचा त्याला केवढा तोरा.

नवव्या दिवशी रांग पूर्ण झाली. धाकट्यानं तिन्ही ताल जोडले, ऐकले आणि सवयीनं हात माऊसवर गेला. पाचवा ठोका त्यानं ओढून सरळ केला.

मागे कोणीतरी श्वास सोडला...

वळून पाहिलं. दादाची खुर्ची रिकामी.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. चार वाजले... तिसरी रांगच नव्हती. त्यानं माफी मागितली. रोज मागितली. काही उपयोग झाला नाही.

तीन आठवड्यांनी बहिणीनं फोनवर एक नवीन गाणं ऐकवलं. "ऐक ना, अगदी दादासारखं वाजवलंय."

गाणं किबोर्डवाल्याचं होतं. पाचवा ठोका उशिरा.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो तडक त्याच्या घरी गेला. "दादाचे ताल चोरलेस?"

किबोर्डवाल्याचा चेहरा उतरला. "चोरले नाहीत रे. येतात आपोआप, रोज तीनला. तीन आठवडे झाले. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

धाकट्यानं मनात हिशेब केला. आपल्याकडचं थांबलं, त्याच दिवसापासून.

"तू काय करतोस त्यांचं?"

"काही नाही. हात लावत नाही मी."

तेवढ्यात तीन वाजले आणि आतून आवाज आला... एक. दोन. तीन. चार...

धाकटा धावत आत शिरला.

थांबलं.

पडद्यावर चार चौकटी पेटलेल्या. पाचवी काळी. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"दादा, मी आहे."

काही नाही.

"जन्मभर तुझ्या शेजारी बसलो मी. आणि तू इथं येऊन बसलास? मला एकदा सांगायचं तरी."

किबोर्डवाल्यानं मान खाली घातली. "तू... जरा बाहेर थांबतोस का?"

धाकटा बाहेर पडला. थांबला मात्र नाही, जिना उतरू लागला. दुसऱ्या वळणावर पोचला आणि वर ठोके सुरू झाले. ठोक्यांच्या मध्येच कोणीतरी हसलं, मोकळं, पोटातून...

ते हसणं किबोर्डवाल्याचं नव्हतं. आणि मागच्या खोलीत, इतक्या वर्षांत, धाकट्यानं ते एकदाही ऐकलं नव्हतं.